आमरीच्या पानांचे रोगनिदान

गुलाबाचे एखादे पान करपले तर माळी ते खुडून टाकतो आणि थोड्याच दिवसांत शेजारी नवा धुमारा फुटल्यावर त्या पानाची कोणाला आठवणही राहत नाही; परंतु आमरीची, म्हणजे ज्यांना आपण आता सर्रास ऑर्किड म्हणतो त्या वनस्पतींची गोष्ट याहून सर्वस्वी भिन्न आहे. फुलांच्या दुकानांत सर्वांत अधिक दृष्टीस पडणारी फॅलेनॉप्सिस वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन पाने काढते, त्यांतील प्रत्येक पान कित्येकदा काही वर्षे झाडावर टिकते, आणि त्यावर एकदा पडलेला डाग जगातील कोणत्याही औषधाने भरून येत नाही. कारण मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घडविण्याचे सामर्थ्य पूर्ण वाढलेल्या पानात उरलेलेच नसते. आमरीचे पान हे म्हणूनच तिच्या संगोपनाचे दप्तर होय. कोणत्या ऋतूत ऊन अधिक लागले, केव्हा पाण्याची ओढ पडली, केव्हा मुळे कुजली, याची नोंद त्यात कायमची राहते. आणि हे पान बुडख्याकडून वाढत असल्यामुळे त्याचे टोक वयाने सर्वांत जुने व बुडखा सर्वांत कोवळा असतो, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पानाच्या मध्यावर पडलेली सुरकुती वाढीच्या कोणत्या काळात पडली याचाही सुमार लागतो.

डाग भरून यावयाचा नाही हे एकदा मान्य केले म्हणजे चिकित्सेचा हेतूच पालटतो. बिघडलेले पान सुधारणे हा तो हेतू नसून पुढचे पान निर्दोष यावे आणि बिघाडाचे कारण झाडाच्या गाभ्यापर्यंत पोचू नये, एवढाच तो असतो. असे असता, डाग दिसल्याबरोबर बुरशीनाशकाचा फवारा मारण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, तो मला अत्यंत घातक वाटतो. कारण आमरीच्या पानांवरील बहुतेक विकृती जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे उत्पन्न झालेल्या नसतात, आणि ज्या तशा असतात त्यांच्यापैकी कित्येकांवर त्या विशिष्ट औषधाचा काडीमात्र उपयोग होत नाही. प्रथम तपास आणि मग इलाज, हा क्रम मोडता कामा नये. तपासाची साधनेही फारशी लागत नाहीत. डाग नव्या पानावर आहे की जुन्या, वरच्या अंगावर की खालच्या, ओला आहे की कोरडा, त्याला वास येतो की नाही, हे पाहावे. आणि शाईच्या लेखणीने डागाच्या कडेवर बारीक रेघ ओढून ठेवून दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी डागाने ती रेघ ओलांडली आहे काय, याची खातरजमा करावी. रेघेच्या आत स्वस्थ राहिलेला डाग हा बहुधा होऊन गेलेल्या आघाताचा व्रण असतो. रेघ ओलांडणारा डाग मात्र जिवंत शत्रूचा असतो आणि त्याच्या बाबतीत दिरंगाई करून चालत नाही.

या वनस्पती मुळात राहतात कशा, हे समजल्याशिवाय त्यांच्या व्याधी समजावयाच्या नाहीत. फादर हर्मेनेगिल्ड सान्तापाव आणि कपाडिया यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात आपल्या भागातील ज्या जातींचे वर्णन आहे, त्यांतील बऱ्याचशा सह्याद्रीच्या झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणाऱ्या आहेत. आंबोलीच्या रानात मोसमी पावसाच्या महिन्यांत दिवसचे दिवस धार थांबत नाही, तरी फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी कुजत नाही. कारण तिची मुळे मातीत नसून उघड्या हवेत सालीला चिकटलेली असतात, त्यांच्याभोवतीचे पांढरे सच्छिद्र आवरण पाणी झटकन शोषून घेते, उरलेले पाणी निथळून जाते आणि पावसाची उघडीप मिळताच वारा सारे अंग सुकवितो. हीच वनस्पती चिनी मातीच्या बंद कुंडीत, ओल्या भुश्शात, खिडकी लावलेल्या खोलीत ठेवली तर आंबोलीच्या पावसाच्या शतांश पाण्यानेही ती प्राणास मुकते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील संग्राहकांनी उष्ण कटिबंधातून जहाजे भरभरून आमरी नेल्या आणि त्या सर्वांना सारखीच उष्णता व सारखीच दमट हवा हवी अशा समजुतीने वाफेने कोंदलेल्या काचघरांत त्या डांबल्या, तेव्हा अगणित झाडे मेली. डेव्हनशायरच्या ड्यूकचा उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्सवर्थ येथे निरनिराळ्या जातींना निरनिराळे तापमान देऊन आणि काचघरांत मोकळ्या हवेची तजवीज करून जी झाडे जगविली, त्यांनी या विद्येला पहिल्याने दिशा दिली. त्या अनुभवाचा निष्कर्ष आजही तितकाच खरा आहे: आमरीला पाणी मारीत नाही, वाऱ्यावाचून साचलेले पाणी मारते.

आपल्या हवामानात पानाला होणारी पहिली इजा उन्हाची. तिचे स्वरूप ओळखण्यास अगदी सोपे असते. सूर्याकडे तोंड केलेल्या पानाच्या सर्वांत उंच भागावर, म्हणजे जिथे पान वाकलेले असते त्या कमानीवर, प्रथम फिकट पांढुरका चट्टा उठतो, तो लवकरच तपकिरी किंवा काळा पडतो, वाळून कागदासारखा पातळ होतो आणि मग जागचा हलत नाही. शेजारच्या पानाखाली झाकलेला भाग मात्र हिरवागार राहतो, आणि ही सावलीची स्पष्ट सीमा हाच या निदानाचा सर्वांत बळकट पुरावा. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा यांसारख्या जाड पानांच्या जाती पाण्याची बचत व्हावी म्हणून आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेतात व रात्री उघडून कार्बन डायऑक्साइडचा साठा करून ठेवतात; त्यामुळे इतर झाडांची पाने भर दुपारी बाष्प सोडून ज्या रीतीने स्वतःला थंड ठेवतात ती रीत यांना उपलब्ध नसते, आणि वारा नसेल तर त्यांचे अंग आसपासच्या हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापते. पानावर हात ठेवावा. ते हाताला ऊन लागले तर झाड जागचे हलविण्यास उशीर झाला असे समजावे. देशावर वैशाखाचे ऊन सर्वांना ठाऊक असते व त्याचा बंदोबस्त लोक करतात, परंतु माझ्या मते अधिक पाने भाजतात ती ऑक्टोबरात. चार महिने ढगाळ प्रकाशात वाढलेले कोवळे पान मेघ सरताच एकाएकी प्रखर किरणांखाली सापडते, आणि सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे पावसाळ्यात सावलीत असलेला सज्जाचा कोपरा नेमका त्याच सुमारास उन्हात येतो. इलाज एकच, तो म्हणजे सावलीच्या जाळीचा व वाऱ्याचा. फॅलेनॉप्सिसला दाट जाळी लागते, डेंड्रोबियम व व्हँडा यांना विरळ. भाजलेले पान कापून टाकू नये. त्याचा हिरवा उरलेला भाग झाडाला अन्न पुरवीतच असतो.

थंडीचीही एक इजा आहे व ती फारशी कोणी ओळखीत नाही. नाशिक-पुण्याकडे पौषातल्या पहाटे टाकीतले गार पाणी फॅलेनॉप्सिसच्या पानावर ओतले असता आतल्या पेशी कोसळतात आणि काही काळाने पृष्ठभागावर खोलगट, विटकरी खळगे पडतात. ते रोगासारखे दिसतात, पण पसरत नाहीत. पाणी खोलीच्या हवेइतके उबदार होऊ देणे, एवढीच त्यावर खबरदारी.

आता लिबलिबीत, सुरकुतलेल्या पानाकडे वळू. कारण माझ्या मताने सर्वांत अधिक झाडे याच लक्षणाच्या चुकीच्या अर्थामुळे दगावतात. पान चामड्यासारखे मऊ होऊन लोंबू लागले, त्यावर लांबट सुरकुत्या पडल्या, म्हणजे झाडाला पाणी मिळत नाही हे खरे. परंतु पाणी मिळत नाही याचा अर्थ आपण पाणी घातलेले नाही असा होत नाही. मुळेच कुजली असतील तर कुंडी पाण्याने तुडुंब भरली तरी पान तहानलेलेच राहते, आणि त्या तहानेकडे पाहून मालक अधिक पाणी घालतो, त्याने उरलीसुरली मुळे कुजतात. म्हणून अशा वेळी पानाकडे पाहत न बसता झाड कुंडीतून काढावे व मुळांची तपासणी करावी. निरोगी मूळ कोरडे असता रुपेरी व ओले होताच हिरवे दिसते आणि बोटांत दाबले असता टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी व पोकळ असते, हलकेच ओढले की वरचे आवरण सुटून हातात येते आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरतो. मुळे टणक पण करकरीत कोरडी निघाली तर झाडास खरोखरच पाणी कमी पडले होते. कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवून पूर्ण निथळू दिली आणि असा क्रम काही आठवडे ठेवला म्हणजे पाने पुष्कळशी सावरतात. मुळे कुजलेली निघाली तर तो सारा भाग स्वच्छ पात्याने काढून टाकावा, झाड एक दिवस सावलीत उघडेच सुकू द्यावे, आणि मग नारळाच्या सोडणांचे तुकडे, लोणारी कोळसा व विटांचे खडे अशा निचऱ्याच्या माध्यमात, मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत, बसवावे. नवी मुळे फुटेपर्यंत खत मुळीच देऊ नये. या मुदतीत हवा दमट असावी, माध्यम मात्र जेमतेम ओलसर. सुरकुतलेली जुनी पाने पूर्ववत होतील अशी अपेक्षा धरू नये. मधून येणारे नवे पान ताठ निघाले की उपचारास यश आले असे मानावे. ऑन्सिडियम वर्गातील जातींत नवे पान दुमडी घातलेल्या पंख्यासारखे चुणीदार निघते, ते पान उलगडण्याच्या काळात पाण्याची वा दमटपणाची ओढ पडल्याची ती खूण असते.

येथेच एक खुलासा करणे अवश्य आहे. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडून गळते तेव्हा तो रोग नसून वार्धक्य असते. डेंड्रोबियमच्या काही जाती तर ठरल्या ऋतूत सारी पाने टाकतात. सह्याद्रीतली डेंड्रोबियम बार्बाट्युलम निष्पर्ण कांड्यांवरच पांढऱ्या फुलांनी बहरते, आणि तिला वाळलेली समजून फेकून देणारे लोक आढळतात. पिवळेपणा वरच्या किंवा मधल्या पानावर सुरू झाला तर मात्र स्वस्थ बसू नये.

पानांची केवळ टोके काळी पडून वाळत असतील तर पाण्यातील व खतातील क्षारांवर संशय घ्यावा. पाणी मुळांतून चढून पानाच्या टोकाशी बाष्परूपाने निघून जाते व क्षार तेथेच साचतात. देशावरील कूपनलिकांचे जड पाणी या कामी फार अपायकारक. शक्य तितके पावसाचे पाणी साठवावे, ते नसेल तर खताची मात्रा निम्म्याने उतरवावी आणि महिन्यातून एकदोनदा कुंडीतून स्वच्छ पाणी भरपूर वाहू द्यावे.

यापुढे खऱ्या रोगांचा प्रांत लागतो. पावसाळ्यात डेंड्रोबियमच्या किंवा कॅटलियाच्या बुडाशी काळपट, पाणचट डाग दिसून तो कांडीतून वर चढू लागला व पाने एकामागून एक बुडख्याशी काळी पडून हलक्या धक्क्याने गळू लागली, तर ती काळी कूज होय. तिला कारण होणारे पिथियम व फायटोफ्थोरा हे सूक्ष्म जीव बुरशीसारखे दिसत असले तरी शास्त्रदृष्ट्या खरी बुरशी नव्हेत. या वंशातील फायटोफ्थोरा पामिव्होरा हा, जो आमरींवरही येतो, ई. जे. बटलर या शास्त्रज्ञाने 1907 साली गोदावरीच्या मुखाकडील ताडांच्या रोगावरून प्रथम वर्णिला. आणि आपल्या कोकणातील सुपारीच्या बागांत पावसाळी फळगळ करणारा कोळेरोग हाही याच वंशाचा प्रताप आहे. यांचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहत जातात, म्हणून पागोळ्यांचे शिंतोडे हेच त्यांचे मुख्य वाहन. यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी की, रोगट झाड तात्काळ पावसाखालून काढून, इतरांपासून दूर, वाऱ्यावर व कोरड्या जागी ठेवले पाहिजे. काळा भाग निरोगी भागात इंचभर आत जाऊन कापला पाहिजे. दुसरी अशी की, घरोघरी असलेले कार्बेन्डाझिम या जातीच्या जीवांवर चालत नाही. येथे मेटॅलॅक्सिल किंवा फॉसेटिल-ॲल्युमिनियम यांसारखी औषधेच लागतात, आणि तीही डब्यावरील मात्रेप्रमाणे. भलत्या औषधाने आठ दिवस वाया जातात आणि काळ्या कुजीच्या बाबतीत आठ दिवस म्हणजे पुष्कळदा सारे झाड.

याहूनही जलद गती जंतुजन्य कुजीची असते. फॅलेनॉप्सिसच्या पानावर भाजल्याच्या फोडासारखा अर्धपारदर्शक, पाण्याने भरलेला ठिपका उठतो, त्याभोवती पिवळसर कडा असते, आणि तो दोन-तीन दिवसांत पानभर पसरून बोट लावताच फुटतो. त्यातून स्रवणाऱ्या द्रवात जंतूंच्या कोट्यवधी पेशी असतात आणि काही प्रकारांत त्याला दुर्गंधी येते. शाईची रेघ येथे तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहत नाही. एकाच कोंबाने सरळ वाढणाऱ्या फॅलेनॉप्सिस, व्हँडा अशा जातींत हा रोग मधल्या पोंग्यात उतरला तर वाढीचे एकमेव ठिकाणच नष्ट होते. म्हणून निदान निश्चित होताच, पोंगा वाचविण्यासाठी, अर्धे पानच काय पण सबंध पानही कापून टाकण्यास कचरू नये. पाते ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून थंड करावे, डागाच्या पलीकडे निदान अर्धा इंच निरोगी भागात छेद घ्यावा, प्रत्येक छेदानंतर पाते पुन्हा तापवावे, आणि जखमेवर दालचिनीची वस्त्रगाळ पूड लावावी. मुळांना मात्र ती लावू नये, ती त्यांना सुकविते. त्यानंतर काही दिवस पाने कोरडी ठेवून झाडाजवळ पंख्याचा मंद वारा खेळता ठेवणे हे औषधापेक्षा अधिक कार्यकारी ठरते. प्रतिबंध याहूनही सोपा आहे: पाणी सकाळी घालावे, पोंग्यात थेंब साचल्यास कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावा, आणि पावसाळ्यात कुंड्यांमधील अंतर वाढवावे.

करप्याचे डाग त्या मानाने सावकाश चालतात. पानाच्या टोकाकडून तपकिरी भाग मागे सरकतो व त्यात एकाआड एक गडद वलये दिसतात. वाळका भाग कापून मँकोझेबसारखे साधे बुरशीनाशक फवारणे बहुधा पुरते. ताम्रयुक्त औषधांविषयी मात्र एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. सुपारीसाठी व आंब्यासाठी बोर्डो मिश्रण कोकणात घरोघर तयार होते आणि उरलेला पंप आमरींवर मारण्याचा मोह होतो. परंतु डेंड्रोबियमच्या जातींना तांबे सोसत नाही, त्यांची पाने व कोवळे कोंब त्याने जळतात, आणि फुलावर आलेल्या कोणत्याही आमरीवर ते मारणे अयोग्य होय.

पानाच्या खालच्या अंगावर रुपेरी, बारीक खरवडल्यासारखी झाक आली असेल तर पांढरे फडके ओले करून तेथे पुसावे; फडक्यावर तांबूस-तपकिरी रेघ उमटली म्हणजे लाल कोळी ठरला. माघ-फाल्गुनापासूनच्या कोरड्या हवेत तो माजतो. कोळी हा आठ पायांचा जीव आहे, कीटक नव्हे. म्हणून सामान्य कीटकनाशकांपैकी पुष्कळशी त्याच्यावर वाया जातात, आणि पानांच्या दोन्ही अंगांवर जोराने पाणी मारून धुणे हाच प्रारंभीचा उत्तम उपाय. पिठ्या ढेकूण व खवले कीड पानाच्या बगलेत व शिरेच्या कडेने दडून बसतात. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली किंवा पान चिकट होऊन काळी काजळी धरली तर त्यांचा शोध घ्यावा. सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटात बुडविलेल्या कापसाने ते पुसून काढावेत, मग निंबोळी तेल व साबणाचे पातळ पाणी संध्याकाळी, ऊन नसताना, फवारावे, आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिढीसाठी आठ-दहा दिवसांच्या अंतराने हेच दोन-तीनदा करावे. कुरतडलेल्या कडा गोगलगायींच्या असतात. रात्री दिवा घेऊन त्या वेचणे पुरेसे होते.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर प्रकार विषाणूंचा. सिंबिडियम मोझेइक व ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट ही आमरींच्या जगात सर्वत्र पसरलेली दोन नावे. नव्या पानावर फिकट-गडद हिरव्या रंगाच्या अनियमित रेषा, पुढे त्या खोलगट होऊन काळ्या पडणे, कधी वलये, कधी फुलांच्या रंगात तुटक पट्टे, अशी यांची लक्षणे होत. पण पुष्कळ झाडे वर्षानुवर्षे निरोगी दिसत राहून रोग मात्र बाळगून असतात. यावर औषध नाही. 1960 साली फ्रान्समधील झॉर्झ मोरेल याने रोगट सिंबिडियमच्या अगदी टोकावरील सूक्ष्म कोंब काढून काचपात्रात वाढवून विषाणुमुक्त रोपे मिळविली आणि त्या प्रयोगातून आजचा ऊतिसंवर्धनाचा सारा व्यापार उभा राहिला. परंतु ते प्रयोगशाळेचे काम आहे, घरच्या सज्जात होणारे नव्हे. हे विषाणू कोणत्याही किड्यामार्फत पसरत असल्याचे दिसत नाही. त्यांचा प्रसार मुख्यत्वे माणसाच्या हाताने होतो, म्हणजे एका झाडाचा दांडा कापून तीच कात्री दुसऱ्याला लावल्याने, किंवा रोगट झाडाचे फुटवे वाटल्याने. कात्री नुसत्या स्पिरिटने पुसून भागत नाही. ती ज्योतीवर तापवावी, किंवा प्रत्येक झाडास नवे पाते घ्यावे.

विषाणूंची परीक्षा करणाऱ्या पट्ट्या आता मिळतात. संशय आलेल्या झाडाची तशी परीक्षा करून घ्यावी आणि निकाल विरुद्ध गेल्यास, ते झाड कितीही मोलाचे व कितीही जुने असो, कुंडीतील माध्यमासह जाळून टाकावे. आणि जोवर अशी परीक्षा झालेली नाही तोवर त्याचा एकही फुटवा स्नेह्या-शेजाऱ्याला देऊ नये, ही माझी प्रत्येक आमरीप्रेमी वाचकास कळकळीची विनंती आहे.